अनंताची पिवळी पानं

गेल्या रविवारी भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मावशी बघ ना याला काय झालंय, खत पण घातलं, पाणी पण रोज घालते. फोटो बघितला आणि पोटात कालवलं, कारण अगदी असाच फोटो मी 2020 साली काढून दहा जणांना पाठवला होता. अनंताचं झाड, शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आणि त्या पिवळ्यात शिरा तेवढ्या हिरव्या, कोणी बारीक पेनने जाळी काढावी तशा. तिला उत्तर लिहायला बसले तर ते काही संपेचना, म्हणून म्हटलं इथेच लिहून टाकावं, इंदूरात ज्यांच्या घरी अनंत आहे त्यांना पण कामी येईल.

आधी एक सांगते, अनंत म्हणजे तगर नाही. बरेच जण डबल तगरीलाच अनंत म्हणून घरी आणतात. पान तोडून बघा, पांढरा चीक आला तर ती तगर, अनंताला चीक नसतो. इथले माळी अनंताला गंधराज म्हणतात आणि नर्सरीच्या पाटीवर गार्डनिया लिहिलेलं असतं. मला लहानपणी वाटायचं की गार्डनमध्ये लावतात म्हणून गार्डनिया, पण तसं नाही, अठराव्या शतकात अलेक्झांडर गार्डन नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते, अमेरिकेत चार्ल्सटनला राहायचे, त्यांच्या नावावरून ते ठेवलंय. झाड मूळचं चीनकडचं. कॉफी, एक्झोरा, मुसेंडा हे सगळे त्याचे भाऊबंद, एकाच कुळातले. आणि आजी बाळांना दात येताना जी डिकेमाली द्यायची, सियागंजातून काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली, ती पण गार्डनियाच्याच एका आपल्याकडच्या जंगली जातीचा डिंक आहे. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर खूप आनंद झाला.

तर आमचा अनंत. रामबागेत आमचा जुना वाडा होता, मागच्या अंगणात आंब्याखाली अनंताचं झुडूप, माझ्या डोक्याच्या वर हातभर. आजीने लावलेलं, आजोबांची नोकरी पक्की झाली त्या वर्षी, असं आत्या सांगते. एप्रिल लागला की संध्याकाळी सगळं अंगण घमघमायचं. कळी बघितली असेल तुम्ही, पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या असतात, हिरवट, ओला पंचा पिळून ठेवावा तशा, आणि संध्याकाळ झाली की पीळ सैल होत जातो. पहिल्या दिवशी फूल असं पांढरं की डोळ्यावर येतं, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं, तिसऱ्या दिवशी लोण्यासारखं पिवळसर, आणि वास मात्र तिसऱ्या दिवशी पण तसाच. पाकळीला बोट लावलं की तिथे तपकिरी डाग पडतो म्हणून आजी आम्हाला फूल तोडू द्यायची नाही, स्वतः देठ धरून दोन पानांसकट खुडायची आणि देवासमोर पितळेच्या वाटीत पाण्यावर ठेवायची. एक आत्याच्या वेणीत. आत्या तेव्हा शाळेत नोकरीला होती, ती सांगते की वर्गात शिरली की मुली ओळखायच्या, बाईंकडे आज अनंत आहे.

2018 मध्ये वाडा पाडायचं ठरलं. सगळ्यांच्या संमतीने ठरलं, भांडण वगैरे काही नाही, छपराचे वासे खरंच कुजले होते. पण अनंताचं काय हे कोणी बोललंच नाही. मी माळीकाकांना घेऊन गेले, ते म्हणाले इतकं जुनं झाड उपटून लागणार नाही, गुटी बांधू, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची. आषाढ चालू होता, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन फांद्या निवडल्या, प्रत्येकीची इंचभर साल गोल काढली, आतला ओला चिकट थर चाकूने खरवडून काढला (हे महत्त्वाचं, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत), रूटिंग पावडर लावली, भिजवलेलं मॉस मुठीएवढं बांधून वर प्लास्टिक घट्ट गुंडाळलं. दोन महिने मी दर रविवारी जाऊन बघायचे. तिसऱ्या आठवड्यात एक फांदी वाळली, एक कोणाच्या तरी शिडीखाली मोडली. एकीला प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसली, शेवयांसारखी. ती कापून मी रिक्षात मांडीवर घेऊन राजेंद्रनगरला आले आणि पुढच्याच महिन्यात वाड्यावर जेसीबी आला. म्हणजे आजीचा अनंत म्हणून जगात आता ही एकच फांदी उरली होती.

पहिलं वर्ष छान गेलं. मग 2020 आलं, सगळे घरात, मला वेळच वेळ, आणि मी त्या झाडाचं जे काही करता येईल ते सगळं केलं. मोठ्या गमल्यात बदललं, माती आमच्या मागच्याच प्लॉटवरची, काळीभोर, मालव्याची माती, डग डग रोटी पग पग नीर म्हणतात ती, तिच्यात न येण्यासारखं काय आहे असं मला वाटलं. चुलीची राख एका नातेवाईकांच्या गावाहून आणून घातली. शेजारच्या काकूंनी अंड्याची टरफलं कुटून दिली ती घातली. आरओचं जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून घालायला लागले, पाणी वाया घालवायचं नाही म्हणून. पानं पिवळी पडायला लागली तशी मी शेणखत घातलं, मग आणखी घातलं, मग कोणी सांगितलं एप्सम सॉल्ट, ते पण घातलं. एका नर्सरीवाल्याने तर सांगितलं, "इसको कैल्शियम की कमी है, थोड़ा चूना डाल दो", आणि मी चमचाभर चुना पण घातला. 2021 च्या मार्चमध्ये शेंड्याची पानं नुसती पिवळी पण राहिली नाहीत, पांढरट पडली आणि कडा जळल्या. त्या दिवसांत मी सकाळी उठून आधी गॅलरीत जायचे आणि बघून परत येऊन पडायचे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, शेतकी खात्यातून रिटायर झालेले. मास्क लावून फाटकाबाहेर उभे राहून त्यांनी पान हातात घेतलं, उन्हात धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं घालता ताई?" खताचं काहीच विचारलं नाही. मी सांगितलं बोअरचं आणि आरओचं. ते म्हणाले गमल्यातली चमचाभर माती सुकवून बशीत घ्या आणि वरून व्हिनेगर टाका.

मी टाकलं. बशीतली माती फसफसायला लागली, इनोसारखी नाही पण कान जवळ नेला तर ऐकू येईल इतकी, बारीक बारीक बुडबुडे कडेकडेने. म्हणजे मातीत चुना. मालव्याच्या काळ्या मातीत तो आधीपासूनच असतो, खणताना पांढरे खडे निघतात ना तेच, आणि त्यावर मी राख, टरफलं आणि चुना घातलेला. आणि आरओचं टाकाऊ पाणी म्हणजे काय, बोअरच्या पाण्यातले क्षार आपण पितो त्या पाण्यातून काढून सगळे त्या उरलेल्या पाण्यात लोटलेले, म्हणजे साध्या बोअरच्या पाण्यापेक्षा पण जड पाणी. कूलरच्या टाकीत तळाला राहतं ते पण तसंच, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, जाळीवर पांढरे थर चढतात ते बघितलेच असतील.

काकांनी समजावलं ते असं. अनंताला आंबट माती लागते, पीएच (आंबटपणाचं माप, 7 च्या खाली आंबट) 5 ते 6 च्या आसपास. आपली काळी माती 7.5 ते 8.5. त्या मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं, पण अशा चुनखडीच्या मातीत ते अशा रूपात बसतं की मुळांना उचलताच येत नाही. समोर ताट वाढलेलं आणि हात बांधलेले. लोहाशिवाय पानात हिरवा रंग बनत नाही, आणि जुन्या पानातलं लोह झाड नवीन पानाला काढून देऊ शकत नाही, म्हणून पिवळेपणा नेहमी शेंड्याकडून सुरू होतो. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर ती वेगळी गोष्ट, तिथे नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असेल किंवा पान नुसतं म्हातारं झालं असेल, वर्षाकाठी थोडी जुनी पानं अनंत टाकतोच. पण शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह, आणि आपल्या इंदूरात त्याचं मूळ बहुतेक वेळा माती आणि पाण्यात. मी भुकेलं समजून वाढत राहिले आणि त्याचा गळा आवळत राहिले. हे कळल्यावर खूप रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि मग मला प्रश्न पडला की वाड्यातला अनंत कसा काय जगला, तो पण रामबागेतल्या मातीतच होता ना. आत्याला विचारलं. आत्या 82 वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे घराबाहेर फारशी पडत नाही पण डोकं लख्ख. ती म्हणाली, "अगं त्याला कुठे काय घालत होतो आपण, आई नुसती खालचा पाला काढू द्यायची नाही कोणाला. कामवाली झाडायला गेली की ओरडायची." आणि मला एकदम दिसलं ते अंगण. आंब्याखालची सावली, अनंताच्या बुंध्याशी वीतभर कुजलेला पाला, काळा, हात घातला की मऊ आणि गार, आणि कौलांची पन्हाळ नेमकी तिथेच सुटलेली, पावसाळाभर छपराचं सगळं पाणी त्याच्याच मुळाशी. वर्षानुवर्षं पानं कुजून खालच्या मातीवर एक दुसरीच माती तयार झालेली होती आणि झाड तिच्यात मुळं पसरून उभं होतं. आजीला पीएच माहीत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की पाला काढला की झाड रुसतं.

त्याच पावसाळ्यात मी झाड गमल्यातून काढलं. मुळांना चिकटलेली काळी माती पावसाच्या पाण्याच्या बादलीत हळूहळू धुऊन काढली, अर्धा तास लागला, मुळं फार बारीक असतात, ओढायची नाहीत. नवीन माती अशी: दोन वाटे कोकोपीट (आधी दोन-तीन पाण्यातून धुऊन, त्यात मीठ असतं), दोन वाटे पानांचं कुजलेलं खत, एक वाटा लाल माती, एक वाटा भाताची तूस आणि ओंजळभर निंबोळी पेंड. 14 इंची गमला, खाली भोकं मोकळी. काळी माती चमचाभर पण नाही. वर आंब्याच्या वाळक्या पानांचा थर, तो मी कायम ठेवते. मोठ्या गमल्याला दोन चमचे गंधकाची पावडर वरच्या मातीत मिसळली, ती लगेच काम करत नाही, मातीतले जिवाणू तिचं हळूहळू आम्ल करतात त्याला दोन-तीन महिने लागतात आणि माती उबदार ओलसर पाहिजे, म्हणून पावसाळ्यात घालायची.

पानखताबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, कारण कंपोस्टच्या बाबतीत आपल्या गावाचं नाव जगात आहे. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ 1924 ते 1931 इथे इंदूरात होते, आजचं कृषी महाविद्यालय आहे तिथल्या संस्थेत, आणि शेतातला पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती असे थर लावून, ढीग उलटापालटा करत तीनेक महिन्यांत खत करायची जी पद्धत त्यांनी बसवली तिला सगळीकडे इंदूर पद्धतच म्हणतात. त्यात लाकडाची राख पण घालतात, ढीग आंबट होऊ नये म्हणून. गव्हाला, भाजीला ते खत उत्तमच. पण अनंतासाठी मी पानांचं खत वेगळ्या पोत्यात करते आणि त्यात राख अजिबात नाही. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत गुलाबाला, जास्वंदीला, पोत्यातलं अनंताला.

पाणी. पावसाळ्यात गच्चीच्या पाइपाखाली 200 लिटरचा ड्रम लावलाय, ते पाणी दिवाळीपर्यंत पुरवते. त्यानंतर नळाला येणारं नर्मदेचं. एप्रिल ते जून मात्र एसीचं पाणी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एकदा बादली भरलेली बघून सुचलं. एसीतून जे टपकतं ते हवेतलं थंड होऊन जमलेलं पाणी, त्यात चुना येणार कुठून. आमच्या एका एसीची रात्रभरात अर्धी-पाऊण बादली होते, तेवढ्यात अनंत आणि एक्झोरा दोघांचं भागतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत कळ्या भरत असतात. बोअरचं घालायचीच वेळ आली तर बादलीत अर्धं लिंबू पिळते, पण तो नेहमीचा उपाय नाही.

औषधाचं म्हणाल तर बाजारात चिलेटेड आयर्न (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) मिळतं, पण पुडीवर नीट वाचून घ्या. ईडीटीए लिहिलेलं असेल तर ते चुनखडीच्या मातीत घालून उपयोग नाही, मातीत टिकत नाही, ते पानांवर फवारा. मातीत घालायचं तर ईडीडीएचए पाहिजे, महाग असतं, पाण्यात टाकलं की कोकमाच्या आगळासारखा लाल रंग येतो. स्वस्तातलं हवं असेल तर हिराकस (फेरस सल्फेट), शेतीतलं माप लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्व, मी अनंताला त्याच्या निम्मंच वापरते आणि संध्याकाळी फवारते, उन्हात पानं भाजतात. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जन्मात जात नाहीत. आणि हे लक्षात ठेवा की एकदा पांढरं पडलेलं पान फारसं सुधारत नाही, बघायचं ते नवीन फुटणारं पान. माझ्या झाडाला गमला बदलल्यावर पाचव्या आठवड्यात एक शेंडा फुटला, तांबूस-पोपटी, आणि मी रोज चष्मा लावून बघायचे की हा पिवळा पडतो का. नाही पडला. गडद झाला, मेण लावल्यासारखा चमकायला लागला.

2022 च्या मार्चमध्ये तीन कळ्या आल्या आणि तिन्ही गळल्या. ती माझी चूक. आत्याला खोलीतून दिसावा म्हणून मी गमला पूर्वेच्या गॅलरीतून उचलून पश्चिमेच्या खिडकीशी नेला, दुपारची लू थेट तिथे. कळ्या आलेलं झाड हलवायचं नाही, पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडं असं करायचं नाही, इतकं पाळलं तरी पुष्कळ कळ्या वाचतात. सकाळचं 11 पर्यंतचं ऊन पुरे, मग सावली. आणि रात्रीचा गारवा. अनंताला कळी धरायला 15 ते 18 अंशांच्या रात्री आवडतात, रात्री उकडलं की कळी गळते. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची रात्र, असं उगीच म्हणत नाहीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा कितीही तापलं तरी रात्री आपल्याकडे चादर लागते, तेच दिवस याचे कळी धरायचे. माती आपली त्याला मानवत नाही पण रात्री मानवतात, असं मी मनाशी धरलंय.

छाटणी पण बहर संपल्यावर लगेच, फार तर श्रावणापर्यंत, हलक्या हाताने. नवरात्रानंतर कात्री लावायची नाही कारण पुढच्या कळ्या त्याच शेंड्यांवर येणार असतात. मिलीबग दिसला (पानाच्या बेचक्यात कापसासारखं) तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात, मग निंबोळी तेल लिटरला 5 मिली आणि दोन थेंब लिक्विड सोप. बाकी काही नाही.

एक गंमत राहिली. आपला भरगच्च पाकळ्यांचा अनंत फळ धरत नाही, पण सहा पाकळ्यांच्या एकेरी अनंताला नारिंगी फळं येतात आणि जपानमध्ये त्यांच्यापासून खायचा पिवळा रंग करतात. त्यातलं रंगद्रव्य केशरातलंच, क्रोसिन. मला एकेरी अनंत अजून इथल्या कुठल्या नर्सरीत मिळालेला नाही, कोणाकडे असेल तर सांगा, फांदी मागायला मी कुठेही येईन.

2023 च्या एप्रिलमध्ये सात कळ्या आल्या आणि पाच उमलल्या. पहिलं फूल मी आजीसारखं देठ धरून, दोन पानांसकट खुडलं आणि आत्याच्या उशाशी वाटीत ठेवलं. ती झोपली होती. थोड्या वेळाने आतून हाक आली, "आई न्हाली का गं?" आणि मग ती स्वतःच गप्प झाली. आजी न्हाऊन आली की फूल खुडायची, रोज. मी काही बोलले नाही, तिच्याजवळ जाऊन बसले. वाटी तिने छातीवर घेतली होती.

आता यावर्षीचं. भाचे, तुझ्या फोटोतल्या गमल्यात माती काळीच दिसतेय आणि कडेला पांढरी रेघ पण आहे, तू विजयनगरला बोअरचंच पाणी घालत असणार. शेणखत बंद कर, व्हिनेगर टाकून बघ, आणि एसीखाली आजच बादली ठेव. माती मी घेऊन येते शनिवारी, पोत्यात तयार आहे. आणि परवाच मी आमच्या अनंताला दोन गुट्या बांधल्यात, एक तुझ्यासाठी. प्लास्टिक पारदर्शक लावलंय, मुळं दिसली की फोटो पाठवते.